गुरुवारी, दिवे लागल्यावर

दिवे लागतात, आणि पहिला वार एगोनचाच असतो:
"बाल्दासला बायका मारता यायच्या. लिहिता यायच्या नाहीत."
ट्राम चालवून निवृत्त झाला, तरी बोलतो
पुढचा थांबा जाहीर करावा तसा.
फुल्विया कोट चढवता चढवता थांबते,
एक हात बाहीत, एक हवेत:
"तुला 'हातमोजा' कळलाच नाही. चौदा वेळा पाहून."
"सोळा."
"मग सोळा वेळा नाही कळला."

मी तिकिटांचे अर्धे तुकडे मोजते.
त्रिएस्तेत, बंदरामागच्या या हॉलमध्ये,
आज सत्तावीस माणसं. वीस घरी गेली.
उरलेली सात दर गुरुवारी
त्याच एका खुनाचा पंचनामा करतात:
दार आधी उघडलं, की ती आधी किंचाळली?
कारण आधी किंचाळली असेल
तर ती त्याला ओळखत होती,
आणि ओळखत असेल
तर अख्खा सिनेमा उलटा वाचायला हवा.
झोरा म्हणते, उलटाच आहे तो.
तिच्या वहीत सेकंदांसकट नोंदी,
औषधाच्या चिठ्ठीवरच्या अक्षरात.

आणि कोपऱ्यात लिव्हिओ,
जो बाल्दासचे सगळे गाजलेले खून
एका रबरी ऑक्टोपसवरून ओवाळून टाकतो.
'खाडीतला पाहुणा': तीन आठवड्यांत उरकलेला,
आठांपैकी दोन पाय हलतच नाहीत,
एका प्रसंगात मागे माणसाचे बूट दिसतात.
"त्या बुटांतच सिनेमा आहे," लिव्हिओ म्हणतो.
"तुमचा बाल्दास बूट दिसू देत नाही. भित्रा आहे."
यावर फुल्विया दुसरा हातही बाहीतून काढते.
म्हणजे आता तासाभराची निश्चिंती.

मी कुणाच्या बाजूची, विचारू नका.
मला ऑक्टोपस आवडतो,
आणि घरच्या जिन्यात दिवा लागेपर्यंतच्या चार पायऱ्या
हातमोज्यामुळे मी अजून धावत चढते.

त्या गुरुवारी बाहेर बोरा सुटलेला.
त्या वाऱ्यात काचा दातांसारख्या वाजत होत्या,
म्हणून कुणी निघेना.
योले कप विसळत होती. एकोणऐंशीची.
एगोननं टेबलावर मूठ आपटली: आधी दार!
आणि तिनं पाठमोरीच सांगितलं:
"दार नव्हतंच."

"एक खुर्ची, एक माइक, भिंतींना गाद्या.
एका किंकाळीचे बाराशे लिरा.
त्या दुपारी नऊ दिल्या. सातवी घेतली त्यांनी.
पडदा मला दिसायचा नाही.
एक माणूस बोट वर करायचा, की ओरडायचं."

नळ तेवढा चालू होता.
वीस वर्षं आम्ही तिच्याच हातची कॉफी पीत
तिचाच गळा शोधत होतो.

झोराची पेन्सिल अडली.
"पण त्या सातव्या वेळी... मनात काय होतं?"
योलेनं विचार केला, खरंच केला,
एक कप उजेडात धरून.
"दाढ," ती म्हणाली. "खालची, डावी.
आणि पाच वीसची गाडी."

"एकदा करून दाखवता?"
"कप पुसायचेत."

तुम्हाला वाटेल, मिटलं.
एगोन म्हणाला, म्हणजे वेदना खरी होती,
आणि नवांतून नेमकी तीच उचलणारा बाल्दास
मी समजत होतो त्याहून मोठा.
फुल्विया म्हणाली, आजपासून तो माझ्या मनातून उतरला.
दोघांनी बाजू बदलल्या आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.
लिव्हिओ हसत होता की रडत, कळेना:
"बूट! अरे, हेच ते बूट!"

काल 'हातमोजा' पुन्हा लावला.
मी पडद्याकडे पाठ करून उभी राहिले.
योले दाराशी, खांद्यावर फडकं,
बघतेय की नाही, सांगता येणार नाही असं.
तो प्रसंग आला. बिजागरी अजून वाजायची होती,
आणि तिचे ओठ विलग झाले.

अर्धा सेकंद असेल. दारा-आधी.

झोरानं विचारलं, "काही दिसलं?"
मी म्हटलं, सव्वीस. आज सव्वीसच तिकिटं.