आत दिवा नाही

दिवसभर मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवते,
बर्डीच्या मेन रोडवर, पहिल्या मजल्यावर.
खाली रसवंतीचे घुंगरू.
मे महिन्यात नंबर वाढलेली मुलं येतात,
शाळा नसते म्हणून आया याच दिवसांत आणतात त्यांना.
काल एक सात वर्षांचा होता.
उणे साडेतीन.
फ्रेम निवडतानाही मान मोबाइलच्या कोनातच वाकलेली.
त्याच्या कानामागे काडी नीट करताना
मला घरचे दोन कान आठवले.

म्हणून आज सुट्टी टाकून तिला घेऊन आले,
समोरच्याच दुकानात.
कूलरचं तोंड मालकाकडे,
आमच्या वाट्याला विशीतला पोरगा, घामेजलेला.
"काय पाह्यजे ताई, टॅब का रीडर?"

टॅबमध्ये मोर नाचला, अक्षरं गात गात आली,
अननस फुटून काचेवर रस उडाला.
मृण्मयीला मी तीन हाका मारल्या.
मग तिच्या पापण्या मोजत बसले,
मिनिटाला किती वेळा मिटतात. धंद्याची सवय.
चार.
पंधरा तरी हव्यात.

दुसरं यंत्र राखाडी, पाटीएवढं, गप्प.
"याच्यात काय होते?" तिनं विचारलं.
"वाचता येते," पोरगा म्हणाला, जरा लाजूनच.
"अजून?"
"तेवढंच."

मी म्हटलं, दोन्ही उन्हात नेऊन पाहू?
पोरग्यानं मालकाकडे पाहिलं,
मालकानं घड्याळाकडे:
दुपारचा एक, पंचेचाळीस डिग्री,
पळून पळून कुठं पळतील.

फुटपाथवर टॅबचा आरसा झाला.
त्यात मी, तोंडाला बांधलेला दुपट्टा,
आणि मागे मेट्रोचा खांब.
मोर कुठं गेला, मोर कुठं गेला,
ती विचारत असतानाच तो तापून स्वतःच बंद पडला.
राखाडी पाटीवर मात्र अक्षरं
उन्हानं आणखीच काळी झाली,
वाळत घातलेल्या पापडातल्या मिऱ्यांसारखी.

मराठी गोष्ट उघडली, तर जोडाक्षरं मोडलेली.
वेलांटी आपलं घर सोडून शेजारी जाऊन बसलेली.
तिचं नाव टाकून पाहिलं:
मृण्, मग भेग, मग मयी.
मी म्हणणारच होते, राहू द्या.
तेवढ्यात ती ओरडली,
"आई, याला पण येऊन नाही राहिलं!"
पहिलीच्या वहीत तिचं नाव अजून असंच तुटतं,
खाली बाईंची लाल रेघ.

किंमत ऐकून मी पर्सची चेन लावली.
"याहून स्वस्त?"
पोरगा मागे गेला, धूळ पुसत आला.
"जुना पीस आहे. आत दिवा नाही ताई,
अंधारात दिसत नाही. कोणी घेत नाही याले."

मानेवाड्याला आमच्या गच्चीवर
संध्याकाळी पाणी मारलं की फरशी चुरचुरते.
ती गादीवर पालथी पडून वाचत होती,
मोडकी अक्षरं तोंडानं सांधत,
एकदा बोटाला थुंकी लावून पान उलटायला गेली.
हे म्हणाले, "एवढ्यात रंगीत आलं असतं."
मी काही बोलले नाही.
रंगीतचं भाडं मी रोज पाहते,
काचेत भरून, जाड होत चाललेलं.
पण ते खरंच आलं असतं, हेही खरं.

उजेड उतरला तशी अक्षरं पुसट होत गेली.
तिनं पाटी नाकाजवळ नेली.
दिवसातून चाळीसदा म्हणते ते वाक्य
माझ्या ओठांवर आलं, "इतकं जवळ नको."
त्याआधीच तिनं ती उशाशी ठेवली.
"संपली गोष्ट?"
"नाही. त्याला दिसून नाही राहिलं आता."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.
तेवढ्यात जिन्यात यांच्या मोबाइलचा
निळा उजेड वर येताना दिसला,
आणि ती उठून
तिकडे पळाली.