चार बोटं जागा

घर घेतलं तेव्हा उभं होतं,
आणलं ते आडवं, दोन ट्रकांतून.
कुहमोच्या पुढं, तळ्याकाठचं, विएनोचं घर.
किंमत अशी काही फार नव्हती. अट मात्र होती :
माझ्यादेखत उतरवू नका.
ती बहिणीकडे निघून गेली तेव्हाच
आम्ही छपराला हात घातला.

निळ्या खडूनं एकेका ओंडक्याच्या कपाळावर नंबर,
उत्तर एक, उत्तर दोन, उत्तर चौदा,
सहलीला निघालेल्या पोरांची मोजदाद करावी तसे.
आणि ताडपत्रीला नेमकं एक भोक.
दोन रात्रींच्या पावसानं पूर्वेचा एक ओंडका
नाव विसरून बसला.

इल्पो म्हणाला, पूर्व सहा.
मी म्हणाले, सात.
आउवो सुतारानं दोन्हीकडे बसवून पाहिला.
"बसतो की. कुरकुरतो, पण बसतो.
नवऱ्यासारखा आहे," तो मला म्हणाला,
आणि इल्पोचं ऐकलं.

थरांमध्ये शेवाळ. ओलं, दाबून,
उशीत कापूस भरताना दाबतात त्याहून जरा जास्त.
मग खिडकीच्या चौकटीवर
आउवोनं मुद्दाम फट ठेवली. चार बोटं.
डाव्या हाताची तीन (चौथं करवतीनं कधीच नेलेलं)
आणि उजव्याचं एक उसनं.
"घर अजून उभं राहिलेलं नाही," म्हणाला,
"हे बूड टेकायला वर्षं घेईल. त्याच्या डोक्यात ठोकू नका काही."

फेब्रुवारीत उणे एकतीस.
त्या फटीतून वारा यायचा, बारीक, सुरीसारखा.
इल्पोनं एक रात्र सहन केली, दोन केल्या,
तिसऱ्या रात्री उठून पाचर ठोकली.
मी अंथरुणातून ऐकत होते. खरं सांगायचं तर
मलाही बरंच वाटलं.

जूनमध्ये काच गेली.
कोणी दगड मारला नाही, पाखरू आदळलं नाही,
आम्ही कॉफी पीत बसलो होतो समोरच,
आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात
सावकाश एक रेघ चालत गेली.

ओंडके आडवे, ते सुकतात, बसतात.
ओसरीचा खांब उभा, तो आपला ताठ,
म्हणून त्याच्या पायाशी लोखंडी स्क्रू.
दर ऑक्टोबरात पाव आटा खाली.
गुडघे टेकून करायचं काम आहे ते.
दक्षिणेच्या भिंतीला तीन वर्षांनी डांबर,
पाइनचं, ऊन करून. आठवडाभर वास केसांतून जात नाही.
मे महिन्यात कान लावून मुंग्या ऐकायच्या.
सुतारपक्ष्यावर ओरडायचं, उपयोग नसला तरी.

चौथ्या उन्हाळ्यात विएनो आली.
बूट काढले, आत आली, काही बोलली नाही.
पूर्वेच्या भिंतीशी गेली आणि चष्मा न लावता
बोटांनी शोधू लागली काहीतरी.
चाकूच्या खुणा. आम्हाला कधी दिसल्याच नव्हत्या.
तिच्या बापानं दर वाढदिवसाला
तिला भिंतीला टेकवून कोरलेली उंची.
पाच. त्याच्या वर सहा असायला हवं होतं,
तिथं सात.
आणि सहा त्याच्याही वर, हातभर.

मी इल्पोकडे पाहिलं नाही.
तो म्हणाला, उतरवून बदलता येईल,
छप्पर सैल करू, जॅक लावू, आउवोला बोलवू…

विएनो हसत होती.
"सहाव्या वर्षी एवढी मोठी, सातव्या वर्षी एवढीशी.
बरोबर आहे," म्हणाली.
"त्या वर्षी धाकटा भाऊ झाला. राहू दे."

तिनं पाठ भिंतीला टेकवली,
तळहात डोक्यावर आडवा ठेवून पाहिलं.
तीही बसली होती थोडी, खाली.

ऑक्टोबर. पाव आटा.
काल आउवोनं खिडकीवरची फट पाहिली :
नवं उसनं काढावं लागलं नाही.
तीन बोटं.
त्याचा डावा हात आता तिथं बरोब्बर मावतो.