स्पोकची टकळी

पहिली जुन्या बाजारात मिळाली, रविवारी,
कोळशाच्या गंजक्या इस्त्रीच्या पोटात.
विकणाऱ्याला वाटलं, इस्त्रीचाच कुठलातरी भाग.
वीस रुपये म्हणाला. मी घासाघीस केली नाही;
पुण्यात राहून हेही एक पापच.

दुसरी मी केली.
सायकलचा स्पोक बोहरी आळीतून,
पितळेची चकती तांबट आळीतून.
चकती देणारे म्हातारे म्हणाले,
"मधोमध भोक पाडायचं तर
आधी मध्य सापडायला हवा, साहेब."
बत्तीस वर्षं मी भोसरीत बेअरिंगं तपासली,
दोन मायक्रॉनसाठी अख्खी पेटी परत पाठवली.
तरी ती चकती केसभर डुगडुगते.
तीच सगळ्यांत लाडकी.

आता अकरा आहेत.
बायको दिवाळीच्या आवराआवरीत मोजते, अकराच भरतात.
बारावी गव्हाच्या डब्यात आहे.

आणि पेटीचरखा आहे, ज्याची माळ पावसाळ्यात सैल पडते,
आणि फाळका, आणि लोकर,
धुळा कोकरे दिवेघाट उतरून घेऊन येतो ती:
काळी, राठ, काट्याकुसळांसकट.
ती भिजवली की जिन्यात वास सुटतो
आणि सोसायटीच्या फळ्यावर माझं नाव न घेता
माझ्याबद्दल चार ओळी येतात.

कशासाठी, विचारतात.
पेन्शनच्या रांगेत उभ्याउभ्या कातत होतो
तेव्हा कॅशिअरनेही विचारलं.
मला नीट सांगता येत नाही.
पेळूतून धागा निघताना एक जागा अशी येते,
तिथे कापूस कापूस उरलेला नसतो
आणि सूत अजून झालेलं नसतं.
तिथे चिमूट किती उघडायची
हे मोजायला गेज नाही.
जास्त उघडली की पीळ आत घुसतो, गाठ.
कमी उघडली की तुटतं.
बस, एवढंच. एवढ्यासाठी.

मार्चमध्ये वरच्या मजल्यावरच्या ऐनापुरे बाई आल्या.
हातात मिठाईची पिशवी, पण फुगलेली, हलकी.
"भोपूचे केस," म्हणाल्या. "ब्रश करताना निघायचे ते.
टाकवले नाहीत. याचं काही होतं का?"
भोपू जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते.

मी तांत्रिक बोललो.
केस आखूड आहेत, गुळगुळीत आहेत,
एकमेकांना धरत नाहीत, नुसता पीळ घालून टिकणार नाही.
"बरं," म्हणाल्या.
पण दारातून हलल्या नाहीत.

मग धुळाची लोकर घेतली, राठ, धरून ठेवणारी,
दोन भाग ती, एक भाग भोपू.
पिंजायला त्यांनी त्याचाच ब्रश आणून दिला.
नऊ संध्याकाळी कातलं, त्या डुगडुगत्या टकळीवर.
काळ्या धाग्यात मधूनच बदामी रंग यायचा,
जिन्याच्या वळणावर शेपूट दिसावी तसा.

पीळ बसावा म्हणून लड कोमट पाण्यात बुडवली
आणि तो वास आला.
ओल्या कुत्र्याचा, तंतोतंत.
ऐनापुरे बाई न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या.
"पाणी बघितलं की पलंगाखाली पळायचा," म्हणाल्या.
मग बराच वेळ हसल्या,
आणि मी उगाचच लड पुन्हा पुन्हा दाबत राहिलो,
पाणी कधीच निथळलं होतं.

त्याचं काय विणणार, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
लड घेऊन गेल्या, तीन पायऱ्या चढल्या, परत आल्या,
टकळीकडे बोट दाखवून म्हणाल्या,
"ही जड असते का हो हाताला?"

या दिवाळीला बायकोने मोजल्या. दहा.
माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही,
गव्हाच्या डब्यातली काढून
शेजारी ठेवली.

रात्री साडेदहाला डोक्यावरच्या फरशीवर
टण्.
मग शांतता.
मग पुन्हा, टण्.
फळ्यावर कुणीतरी लिहीलच उद्या.
पडू दे.
पहिला महिनाभर ती पडतेच.