नऊ उशा

लोरेन आली सोमवारी, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
हातात टेप, चिठ्ठ्यांची गुंडाळी, आणि आवाज
दुखणार नाही म्हणणाऱ्या नर्सचा.
म्हणाली, इथे कोणी राहतं असं दिसता कामा नये,
राहावंसं मात्र वाटलं पाहिजे.

मग निघाली एकेक वस्तू.
फ्रिजवरची चुंबकं. उपेंद्रच्या आईचा फोटो, हारासकट.
हिंगाची डबी तर तिनं दोन बोटांत धरून
गराजपर्यंत नेली, मेलेल्या उंदरासारखी.
भिंतीवरचा आमचा आंबा गेला,
त्या जागी जो रंग आला
त्याचं नाव डब्यावर होतं ‘शांतता’.
मी म्हटलं, ती आहे की आमच्याकडे. पुष्कळ आहे.

ओट्यावर काचेचं भांडं, त्यात अकरा लिंबं.
एक कापायला घेतलं तर प्लास्टिकचं.

तळघरात ती जरा थबकली.
एकट्याची गादी, दिवा, चष्म्याचं घर,
घडी न केलेलं पांघरूण.
‘पाहुणे येतात?’
हो, म्हणाला उपेंद्र.
आणि साडेतीन वर्षं मुक्काम ठोकलेला तो पाहुणा
गादीचं एक टोक धरून जिना चढू लागला.
दुसरं मी धरलं.
जरा डावीकडे. सांभाळ. आलं का?
अगं, भिंत ओली आहे, रंग लागेल.
वर्षभरात इतकं बोललो नसू.

तळघरात आता व्यायामशाळा: एक चटई, दोन गुलाबी डंबेल्स.
वर आमच्या, म्हणजे माझ्या, खोलीत
तिनं पलंग सजवला.
नऊ उशा. पायथ्याशी ट्रे, ट्रेमध्ये दोन कप,
कानाला कान लागलेले.
घेणाऱ्याला इथली रविवार सकाळ दिसली पाहिजे, म्हणाली.
मला दिसली.
कोण असतील ही माणसं, उशिरा उठणारी,
दात न घासता अंथरुणात चहा पिणारी?

रात्री प्रश्न आला झोपायचा.
सोफा पांढरा, भाड्यानं आणलेला.
ऋजुताच्या खोलीत पलंगाऐवजी टेबल आणि एक ऑर्किड,
बहुतेक लिंबांच्याच नात्यातलं.
बाहेर ट्रॉयमध्ये एप्रिलातही बर्फ भुरभुरत होतं,
अंगणातल्या पाटीवर एजंटबाई
दातांपर्यंत बर्फात उभ्या, हसत.

उपेंद्रनं आधी उशांचा फोटो काढला,
कुठली कुठे ते चुकू नये म्हणून. इंजिनिअरच तो.
मग दोघं दोन कडांना.
चादरीला सुरकुती पडेल म्हणून
कूसही विचार करून बदलायची.

बऱ्याच वेळानं अंधारात म्हणाला,
तुझे पाय अजून गार पडतात?
झोप, म्हटलं. नऊला माणसं यायची आहेत.

पहाटे उशा रचल्या, फोटोबरहुकूम.
ट्रे ठेवताना दिसलं,
एका कपाच्या बुडाशी किमतीची चिठ्ठी तशीच.
नखानं खरवडली.
अर्धी निघाली.