क्रम कसाही दाबा

लक्ष्मीपुरीतल्या तिसऱ्या दुकानात
मी ती पेटी कानाशी धरून नखानं वाजवली.
पोकळ. पातळ जस्त, वर रंगाचा थर.
दुकानदार म्हणाला, काका, किल्ली ठेवायची हाय, तोफ नव्हं.
मी म्हटलं, एकतीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम केलंय,
धातू खोटं बोलाय लागला की मला कळतं.
त्यानं मुकाट्यानं माळ्यावरची काढली. जड. दुप्पट किंमत.
वैजयंतानं तिची बटणं डोळे मिटून चाचपली,
म्हणाली, ही घ्या, अंधारात सापडतील.

त्याआधी किल्ली मीटरच्या खोक्यात असायची.
दूधवाल्याला माहीत, गॅसवाल्याला माहीत,
हावळांच्या पाहुण्यांनासुद्धा माहीत.
फक्त चोराला माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.
मग मी न्हाणीघरात पडलो,
आणि त्या दिवशी नेमकी आतून कडी होती.
हावळांच्या पोरानं पहारीनं दार काढलं.
तेव्हापासून कडी लावत नाही. नुसतं लॅच.

पेटी गिलाव्यात ठोकायची नाही, गिलावा सोडून देतो.
विटेच्या मधोमध भोक, सांध्यात नाही,
चार बोल्ट, चारही आतून, पेटी उघडली तरच दिसणारे.
गेटातून दिसू नये, पायरीवरून हात पोचावा.
टाकाळ्याच्या पावसाला वरून रबराची झडप,
आणि मे संपायच्या आत तेलाचा एक थेंब.

आकडा जन्मसालाचा नको, सन्मती फोनवर म्हणाला,
स्कूटरचा नको, घराचा तर नकोच.
मी एका हीटचा नंबर टाकला.
पंपाची बॉडी होती, आत हवा राहिली,
साहेबानं ती मलाच घणानं फोडायला लावली.
चांगल्या निघालेल्या हजारोंतला एक नंबर आठवत नाही.
हा आठवतो.
आकडा इथं लिहिणार नाही.

फक्त एक खटकत राहिलं:
या पेटीत बटणं कुठल्याही क्रमानं दाबली तरी चालतं.
आमच्याकडं आधी साचा, मग रस,
उलट केलं तर पाय जायचा.

तिघांना सांगितला. सन्मती, हावळ वहिनी, वैजयंता.
वैजयंतानं लिहून घेतला नाही,
ओठ हलवत बोटांच्या पेरांवर मोजला, बस्स.
मग अकरा महिने सकाळी सात वाजता
चार टिचक्या, झाकण, किल्ली,
आणि वडणग्याहून सायकलवर आलेला तिचा दम.
मी अंथरुणातच उजवा पाय हलवून बघायचो,
आज किती आपला आहे.

तिच्या सासूचं दुखणं वाढलं. काम सोडलं.
सन्मती म्हणाला, बाबा, आकडा बदला.
तिच्यावर संशय नाही, पद्धत असते.
खरं आहे. कारखाना सोडताना मीही
गेटवर पास जमा केला होता.
पेटीच्या झाकणामागं बारीक खुंट्या असतात,
स्क्रू ड्रायव्हरनं अर्धा वेढा द्यायचा.
चार जुन्या फिरवल्या, चार नव्या फिरवल्या.
अर्ध्या तासाचं काम. चहा गार झाला.

पौषातली दुपार. पायरीवर चप्पल वाजली.
चार टिचक्या.
थांबली.
पुन्हा चार, दुसऱ्या क्रमानं.
क्रम कसाही चालतो, हे तिला मीच सांगितलं होतं.
मग बटणं वाजली नाहीत.
बेलही वाजली नाही. बेल ऐकून
मी घाईनं उठतो, हे तिला ठाऊक.

वॉकर ओढत दारापर्यंत गेलो, तोवर गेट लागलं होतं.
पायरीवर काकवीची बाटली,
बुचावर फडकं, फडक्याला सुतळीची गाठ.
पेटीवरची झडप
तिनं नीट खाली ओढून ठेवलेली.

स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आहे.
सन्मतीचा फोन आला तेव्हा म्हटलं,
काकवी आलीय, येशील तेव्हा ने.
कुणी दिली ते त्यानं विचारलं नाही.