पोकळ वीट

लुकायाच्या दलदलीला लागून आमची वीटभट्टी.
पाणी मागे सरलं की
बाबा उघड्या पडलेल्या चिखलात कुदळ घेऊन उतरतात
आणि घाव घालण्याआधी
जमिनीला कान लावतात.

मांबा हा मासा आमचं देवक.
आमच्या कुळात तो कुणी खात नाही, मारत नाही.
आणि कोरड्या दिवसांत तो झोपतो नेमका
आम्हाला लागते त्याच मातीत:
शेपूट तोंडावर ओढून,
स्वतःच्याच लाळेच्या पातळ चामड्यात गुंडाळून,
श्वासापुरतं एक भोक वर ठेवून.
घोरतो, म्हणतात बाबा.
ऐकू आला तर तेवढी जागा सोडून खणायचं.
म्हणून आमची खाण अशी वेडीवाकडी,
अळीनं खाल्लेल्या पानासारखी.

एका वर्षी ऐकू नाही आला.
भट्टी उघडली तर एक वीट हाताला हलकी लागली.
फोडली. आत कुणीच नव्हतं.
वेटोळ्याएवढी पोकळी फक्त,
आणि तिच्या भिंतीवर खवल्यांचे ठसे,
मोजता येतील इतके स्वच्छ.
वितीपेक्षाही लहान, पिल्लूच असणार.
बाबा त्या रात्री जेवले नाहीत.
विटेचे दोन्ही तुकडे खिडकीत आहेत अजून.
एकात कुंभारीण माशीनं घर केलंय,
ते कुणाला खरवडू देत नाहीत.

मी तेव्हा नववीत.
पुढे कंपालाला जाऊन मासेच शिकले.
आचेंगबाईंच्या प्रयोगशाळेत
माझ्या ट्रेमध्ये पहिला मांबा आला
तेव्हा सुरी कॉलेजची होती, हात कुळाचा.
बाई म्हणाल्या, काप.
नातं आहे ते आतूनच आहे.

आत दोन फुप्फुसं.
हृदयात अर्धाच पडदा,
भिंत बांधायला घ्यावी
आणि विटा संपाव्यात तसा.

सुट्टीत घरी येऊन सांगितलं,
बाबा, तळ्यातला तिलापिया त्याचा लांबचा.
त्याच्या जवळचे आपण.
ते म्हणाले, हे ऐकायला मी फी भरली?

मग बराच वेळ विटा पालथ्या घालत राहिले.
म्हणजे त्याला जमिनीवर यायचं होतं?

नाही बाबा. कुणालाच कुठे यायचं नव्हतं.
तळी आटत होती, पाणी नासत होतं.
कुणाच्या घशाखाली एक सैल पिशवी होती,
वर येऊन हवेचा घोट घेता यायचा.
तो घोट त्यांनी घेतला मासाच राहण्यासाठी,
आणखी एक उन्हाळा, त्याच डबक्यात.
आता मांबा जाळ्यात पाण्याखाली अडकला
तर बुडून मरतो.
आपण त्याच घोटाची लांबलेली गोष्ट.

निवड कुणी केली?

कुणी नाही. दुष्काळ आला नि गेला.
उरले त्यांना पिल्लं झाली.

आणि उरले नाहीत ते?

पुस्तकात त्यांना अर्धं वाक्य आहे.
ते मी म्हणून दाखवलं नाही.
ते खिडकीकडे बघत होते.

मसाकाच्या इस्पितळातून फोटो आणला, छातीचा.
चाळीस वर्षांच्या भट्टीचा धूर
डाव्या बाजूला खाली बसलाय.
मी फिल्म उजेडात धरली:
लांबट दोन पिशव्या, ओळखीच्या.
हल्ली ते बोलता बोलता थांबतात,
मान वर करतात, तोंड उघडतात,
आणि पुन्हा खाली, कामाला.

आज पहाटे त्यांच्या शेजारी मीही
गुडघे टेकून चिखलाला कान लावला.
काहीतरी घरघरत होतं.
खाली, की माझ्या बाजूला,
कळेना.
मी विचारणार होते,
तेवढ्यात त्यांनी कुदळ उचलली
आणि दोन हात सरकून
खणायला लागले.