‘थांब’ म्हटल्यावर

उद्यमबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
खाली लेथचा आवाज चालू असताना
मी लिहितेय
एका चिपशी कसं बोलावं याचे नियम.

चिप नखाएवढी. व्हिडिओ दाबून लहान करते.
तिचा ड्रायव्हर इराप्पा हुक्केरींनी लिहिला, तीन वर्षं खपून,
आणि मागे कागद एकही नाही.
कोडमध्ये एकाच ठिकाणी एक कन्नड ओळ:
इल्लि मुट्टबेडि.
इथं हात लावू नका.
आणि त्याखाली काहीच नाही. मोकळी जागा.

त्यांना फोन केला. आता संकेश्वरला असतात, मुलीकडे,
मोतीबिंदूची पट्टी नुकतीच निघालीय.
“काय करायलीस?”
म्हटलं, तुमचं काम लिहून काढतेय.
“लिही की. पण खरं लिही.”

पहिली अडचण नावांची.
रांगा दोन.
जिच्यात आपण चित्रं घालतो तिचं नाव आउटपुट.
जिच्यातून दाबलेलं हाती येतं ती कॅप्चर.
तीनदा उलटं लिहिलं, तीनदा खोडलं.
“अगं, तू कुठं उभी हैस त्याच्यावर हाय ते.
कोगनोळीचा नाका ओलांडला की
निपाणीत म्हणतात बस गेली,
कागलात म्हणतात आली.
बस तीच असती की.”
हे उदाहरण मी घातलं नाही.
लिहिलं एवढंच:
नावं प्रोग्रामच्या बाजूला उभं राहून वाचावीत.

दुसरं, मागाल तेवढंच मिळेल असं नाही.
एक हजार ऐंशी ओळी मागा,
तो एक हजार अठ्ठ्याऐंशी धरतो, सोळाच्या पटीत,
न बोलता.
चूक झाली असं म्हणणार नाही.
काय ठरलं ते आपणच परत वाचून बघायचं.
जादाच्या आठ ओळी कुणाला दिसत नाहीत,
जागा मात्र अडवतात.

चाचणीची क्लिप माझीच होती.
वडगावातला आमचा माग,
एप्रिलात मोडून विकला, त्याच्या आदल्या दिवशीचा.
सासरे दोरी ओढतात,
धोटा निघतो डावीकडून
आणि ताण्याच्या ऐन मध्यावर सगळं संपतं.
नेहमी तिथंच.
मला वाटायचं, माझाच अंगठा घाईचा.

इराप्पांना सांगितलं.
बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.
“चिप हातात चार चित्रं धरून बसती बघ.
पुढचं बघितल्याबिगर मागचं लिहीत नाही ती.
तू थांब म्हटलीस म्हणून
हातातलं काय टाकून देईल?
मागून घ्यायचं असतं ते.
त्या ओळीखाली तेच लिहिलं होतं मी.”

जुन्या नोंदी उघडल्या.
मागच्या दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी
त्या सहा ओळी कुणीतरी काढल्या होत्या.
शेरा: अनावश्यक.
नाव माझं.

मी चहा करून आणला. प्यायले नाही.
सहा ओळी परत घातल्या.
मग दस्तऐवजात, कलम सात:

‘थांब’ ही आज्ञा म्हणजे शेवट नव्हे.
आज्ञा देण्याआधी जेवढं दिलं
तेवढं सगळं चिप परत करेल, तिच्या वेळेनं.
‘शेवटचा’ अशी खूण असलेला बफर येईपर्यंत
घेत राहावं.
तो रिकामा असू शकतो.
रिकामा असला तरी घ्यावा.
आणि खाली बारीक अक्षरात,
मागच्या आवृत्तीत हे नव्हतं, चूक लेखिकेची.

कच्चं चित्रण कार्डावर होतं अजून.
पुन्हा चालवलं.
चार फ्रेम. सेकंदाचा सहावा हिस्सा.
पहिल्या दोनांत धोटा नुसता एक फराटा.
तिसऱ्यात काठाशी.
चौथ्यात पलीकडच्या पेटीत, आणि
सासऱ्यांची बोटं दोरीवरून सुटलेली,
अजून वाकडीच.

त्यानंतर एक बफर आला, शून्य बाइटचा,
खूण असलेला.
मी तोही घेतला.